बेचाळिसावा अंगठा

"पाटी आडवी कर गं," बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत अक्षता टाकल्यासारखं करतेस."

मी घाईघाईनं पाटी आडवी केली. जिनिव्हातल्या त्या सभागृहात बोलायचं असेल तर हात वर करायचा नसतो. समोरची देशाच्या नावाची पाटी उभी करून ठेवायची. अध्यक्षांची नजर फिरते, उभ्या पाट्या दिसतात, त्या क्रमानं बोलायला मिळतं. पाटी आडवी असली तर माणूस गप्प आहे, आणि गप्प आहे म्हणजे त्याला मान्य आहे. तिथला सगळा कारभार याच रीतीवर चालायचा. अध्यक्ष विचारणार, "काही हरकत?" चारपाच सेकंद थांबणार. मग म्हणणार, "हरकत दिसत नाही," आणि लाकडी हातोडी टेबलावर वाजणार. झालं, ठरलं.

"मतदान नाहीच?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"मतदानात हरलेला माणूस घरी जाऊन भांडत बसतो," बाई म्हणाल्या होत्या. "गप्प बसलेल्याला भांडायला तोंड राहत नाही."

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते आणि बाईंची मदतनीस म्हणून पहिल्यांदा विमानात बसले होते. बाई म्हणजे डॉ. प्रमोदिनी केळुसकर. त्या वेळी त्रेसष्ट वर्षांच्या, सुती नऊवारीतल्या आईच्या पोटी केळूसला जन्मलेल्या आणि स्वतः मात्र सदैव पांढरे कॅनव्हासचे बूट घालून फिरणाऱ्या. मातीच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट. मग माती कोण बिघडवतं हे शोधता शोधता चाळिशीत कायद्याची पदवी. मग ती माती हाताळणाऱ्यांच्या नसांचा अभ्यास, त्यासाठी डॉक्टरांच्या हाताखाली दोन वर्षं. आणि शेवटी ही असली आंतरराष्ट्रीय बोलणी. "लग्न मातीशी केलं, संसार कायद्याशी मांडला, आणि म्हातारपणी राजदूतांच्या मागे फिरतेय," असं स्वतःच म्हणायच्या. मातीवाले त्यांना कायदेवाली समजायचे आणि कायदेवाले मातीवाली. त्यामुळे पुण्यात त्यांचं असं खातं कुठलंच नव्हतं. होती ती जिन्याखालची एक खोली, आणि तिच्या दारावर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं.

त्या आठवड्यात समितीपुढे एक रसायन होतं. त्याचं लांबलचक नाव इथे नको. आमच्याकडे त्याला 'पिवळं औषध' म्हणत. द्राक्षाचे मणी फुगावेत, एकसारखे व्हावेत, म्हणून घड त्यात बुडवायचे. बादलीत औषध, हातात मग, मगात घड. एक घड, दुसरा घड, सकाळी सातपासून दुपारपर्यंत, हंगामभर. हे काम बायकांचं. तासगावकडच्या आमच्या वस्तीवरच्या एक्केचाळीस बायका त्या कामाला जायच्या आणि बाईंनी बारा वर्षं त्यांचा अभ्यास केला होता. हाताला मुंग्या, मग बधिरपणा, मग रात्री भाकरीचा तुकडा बोटातून निसटणं. रक्त, लघवी, माती, विहिरीचं पाणी, सगळं तपासून झालं होतं.

समितीचा नियम सरळ होता. दोन वेगळ्या खंडांतल्या दोन अभ्यासांनी धोका दाखवला, तर रसायन यादीत जायचं. यादीत गेलं, की विकणाऱ्याला आधी सांगावंच लागणार की यात उघडा हात घालू नका. पहिला अभ्यास दक्षिण अमेरिकेतला. तो मान्य झाला होता. दुसरा आमचा.

त्या एक्केचाळिसांत नववा क्रमांक माझ्या आईचा होता. शालन ऐवळे. मी वैजयंता ऐवळे, तिची मुलगी. दहावीनंतर बाईंनी मला पुण्याला नेलं, वसतिगृहात ठेवलं, शिकवलं. हे समितीत कोणाला माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं.

साडेबारा वाजता समोरच्या रांगेतली एक पाटी उभी राहिली. डॉ. हेल्मर बोलू लागले. उंच, वाकलेले, आवाज असा की बाळ उठू नये म्हणून बोलतात तसा.

"डॉ. केळुसकरांचा अभ्यास मी तीन वेळा वाचला," ते म्हणाले. "तो उत्तम आहे. मला फक्त एक औपचारिक विनंती करायची आहे. भाग घेतलेल्या स्त्रियांची मूळ संमतीपत्रं समितीला पाहायला मिळावीत. पहिल्या अभ्यासाच्या वेळी आपण ती पाहिली होती. तोच नियम इथे लावावा."

अध्यक्षबाईंनी आमच्याकडे पाहिलं. बाईंनी पाटी उभी केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

"मूळ कागद माझ्याबरोबरच आहेत," त्या म्हणाल्या. "मी ते पुण्यात ठेवून कधी प्रवास करत नाही. तीन वाजता देते."

हातोडी वाजली. जेवणाची सुट्टी झाली.

"बघितलंस?" बाहेर पडताना त्या म्हणाल्या. "लोक हसायचे मला, थैली काय घेऊन फिरते म्हणून. आता तीन वाजता कागद, साडेतीनला हातोडी, आणि चारला मी तुला तळ्याकाठी आइस्क्रीम देते. शालनला फोन कर. म्हणावं, तुझं पिवळं औषध आज धरलं."

मी फोन केला नाही. 

उपाहारगृहात कोपऱ्यातलं टेबल धरलं. बाईंनी स्टीलचा डबा उघडला. पुण्याहून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, चौथ्या दिवशी जरा मऊ पडलेल्या. डब्याशेजारी खादीची थैली. तिच्यातून संमतीपत्रांचा गठ्ठा काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"क्रमानं लाव. मी एकदा नजर घालते."

बाईंच्या गळ्यात कायम एक भिंग असायचं, दोरीला बांधलेलं. मातीचे कण बघायचं. एका हातात पुरी धरून त्या दुसऱ्या हातानं भिंग कागदांवरून फिरवू लागल्या. गंमत म्हणूनच.

"सात नंबर कोण गं?"

"कोंडाबाई."

"आणि आठ?"

"सिंधूमावशी."

"दोघींच्या अंगठ्याला एकाच जागी तिरकी चीर. एका कात्रीनं दोघींनी कापून घेतलं की काय?" त्या हसल्या. "आणि ही नऊ, शालन. हिलाही..."

त्यांचं हसणं तिथेच थांबलं. पुरी डब्यात गेली. दहावा कागद. अकरावा. मग मधलेच काही उलटून चोविसावा. मग शेवटचा. कागद उलटताना त्यांच्या बोटांचा आवाजही येत नव्हता.

मी टेबलाखालचा डावा हात वर काढला आणि डब्याशेजारी ठेवला.

बाईंनी माझा अंगठा धरला, भिंग त्यावर आणलं आणि मातीचा नमुना बघावा तसं बराच वेळ बघत राहिल्या. तेराव्या वर्षी घड विरळताना कात्री लागली होती. टाके पडले नव्हते. वण नखाच्या बाजूनं खाली तिरका उतरतो.

"एक्केचाळीस?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"साळवीनं करायला लावलं?"

साळवी म्हणजे अभ्यास सुरू झाला त्या वर्षी बाईंच्या हाताखाली एम.एस्सी. करणारा मुलगा. गावात कागदपत्रं तोच बघायचा.

"नाही. त्यानं फक्त कागद दिले. वस्तीवर वाचता येणारी मी एकटी. म्हणाला, सगळ्यांना वाचून दाखव, हो म्हणतील त्यांचे अंगठे घेऊन ठेव. मी वाचून दाखवलं, बाई. शपथ. पूर्ण वाचलं. 'कधीही नाही म्हणता येईल' हेसुद्धा. सगळ्या हो म्हणाल्या. आनंदीकाकू तर म्हणाली, पोरी, आमाला इचारतंय कोण एवढं, घे बाई अंगठा."

"मग?"

"मग अंगठे उठेनात."

बाईंनी माझा हात सोडला नाही. "उठेनात म्हणजे? नीट सांग. घाई करू नकोस."

"शाईचा नुसता गोळा यायचा. रेघ नाही, वळसा नाही. मी परत परत घेतले. साबणानं हात धुवायला लावले, राखेनं घासायला लावले. तरी तेच. साळवी म्हणाला होता, अंगठा नीट उठला नाही तर कागद बाद. आणि कागद बाद झाले तर बाई दुसरं गाव धरतील. तुम्ही त्याच महिन्यात आईला म्हणाला होता, दहावीनंतर हिला मी नेते म्हणून. तुम्ही परत आला नाहीत तर काय, एवढंच डोक्यात होतं. साळवीनं जादा कागद ठेवले होते. त्यांच्यावर मी माझा अंगठा..."

"किती जणींचे कोरे उठले?"

"सगळ्यांचे. आनंदीकाकूचा कडेला थोडा उठला होता. ती नवीन होती, दुसराच हंगाम तिचा."

"आणि ते पहिले कागद? कोरे?"

"चुलीत घातले."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, वर्गात शिकवताना असायचा तसा.

"बारा वर्षं मी त्या बायकांचं रक्त काढलं, वैजू. त्यांच्या नसांत सुया घातल्या. विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून मुंबईला पाठवलं. चार शास्त्रं शिकले त्यासाठी. आणि एकदाही, एकदाही एकीचा हात हातात घेऊन तिची बोटं बघितली नाहीत. तू चौदा वर्षांची, तू बघितलीस." भिंगाची दोरी त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. "अगं, औषधानं रेघा खाल्लेल्या अंगठ्यांचे ते कोरे डाग हाच तर पुरावा होता. ते कागद आज इथे असते तर मी हेल्मरला एक शब्द बोलले नसते. नुसते समोर ठेवले असते."

मला तेव्हा कळलं मी काय जाळलं होतं. बारा वर्षं मला वाटत होतं की मी एक खोटं केलंय आणि ते कोणाला कळू नये. खरं काय ते चुलीत गेलं, हे मला सुचलंच नव्हतं.

"मी सांगते," मी म्हटलं. "तीन वाजता मी उभी राहून सगळं सांगते. बायकांची संमती खरी होती. फक्त अंगठे..."

"आणि कोरे डाग कुठायत, विचारतील. चुलीत. कोणी जाळले? आज अभ्यासावर माझ्यानंतर जिचं नाव आहे तिनं. एक्केचाळिसांतल्या एकीच्या मुलीनं." बाईंनी डबा बंद केला. "तू बोललीस तरी अभ्यास वाचत नाही, आणि गप्प बसलीस तरी वाचत नाही. अभ्यास मी मागे घेणार. बोललीस तर त्याबरोबर तूही जाशील. चार महिन्यांवर प्रबंध आलाय तुझा."

"मग मी गप्प बसू?"

"असं मी म्हटलं नाही." त्या माझ्याकडे बघत होत्या. "पाटी आपल्या दोघींच्या मध्ये असेल. मी तुझा हात धरणार नाही आणि ढकलणारही नाही. दुसऱ्याच्या वतीनं अंगठा उठवायचा नसतो. तुझा तू ठरव."

पावणेतीनला आम्ही परत गेलो. काचेतून तळं दिसत होतं, त्याच्यावर पांढऱ्या शिडांच्या होड्या. बाईंनी प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं, केस विंचरले, पिना नव्यानं लावल्या. बूट रुमालानं पुसले.

तीन वाजता त्यांनी पाटी उभी केली.

"अध्यक्ष महोदया," त्या इंग्रजीत म्हणाल्या, आणि ते इंग्रजी मला आजही शब्दनशब्द पाठ आहे. "सुट्टीत मी मूळ कागद तपासले. संमतीपत्रांवरचे अंगठे ज्या त्या स्त्रियांचे नाहीत. या कामाची देखरेख माझी होती आणि चूकही माझी आहे. दुसऱ्या कोणाचीही नाही. मी हा अभ्यास मागे घेत आहे."

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. भाषांतरकारांच्या काचेमागे कोणीतरी माईकवर हात ठेवला. हेल्मरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, भीतीसारखं काहीतरी होतं.

बाईंनी पाटी आडवी केली. आमच्या दोघींच्या बरोबर मध्ये. मग हात मांडीवर घेतले आणि समोर बघत बसल्या.

अध्यक्षबाई थोड्या वेळानं म्हणाल्या, "दुसरा अभ्यास उपलब्ध होईपर्यंत हे रसायन यादीबाहेर ठेवावं, असा प्रस्ताव आहे. काही हरकत?"

एक सेकंद. दोन. पाटी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. पांढरा पुठ्ठा, काळी अक्षरं. नुसतं बोट लावलं असतं तरी उभी राहिली असती. मी डावा अंगठा मुठीत धरला होता, इतका घट्ट की नखं रुतली. तीन. चार. मला आईचा हात दिसत होता, भाकरी निसटणारा. मला माझा प्रबंध दिसत होता, निळ्या कापडाच्या बांधणीतला.

"हरकत दिसत नाही."

हातोडी वाजली.

बाहेर आल्यावर हेल्मर आमच्या मागे आले. "डॉक्टर," ते म्हणाले, "मला वाटलं होतं, आज यादी पूर्ण होईल. म्हणूनच मी मागितले कागद. पुढे कोणी आक्षेप घेऊ नये म्हणून. विश्वास ठेवा."

"ठेवते," बाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबर विचारलंत. मी बारा वर्षं उशिरा बघितलं."

चार वाजता त्यांनी मला खरंच तळ्याकाठी नेलं. आइस्क्रीम घेतलं. दोघींच्याही हातात ते वितळलं.

परत आल्यावर जे व्हायचं ते झालं. चौकशी बसली. एका वर्तमानपत्रानं 'बनावट अंगठ्यांचा अभ्यास' म्हणून मथळा दिला. बाईंनी सगळ्या समित्यांचे राजीनामे दिले, जिन्याखालची खोली रिकामी केली. चौकशीला मला बोलावलंच नाही. बाईंनी नाव सांगितलं नाही आणि कोणाला ते सुचलं नाही. मला कोणी विचारलं नाही, मीही पाटी उभी केली नाही. चार महिन्यांनी माझा प्रबंध मान्य झाला. पेढे घेऊन मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी एक खाल्ला, पाठीवर हात फिरवला, म्हणाल्या, "आता कामाला लाग." मी लागले. मिरजेला कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं. सुरुवातीला महिन्याला फोन, मग दिवाळीला, मग तोही माझ्याकडून राहू लागला. त्यांचा आवाज ऐकला की मला ते चार सेकंद ऐकू यायचे.

गेल्या वर्षी मला मुलगी झाली. बाळाला बघायला म्हणून आई मिरजेला आली आणि राहिली. बाळाला ती मांडीवर घेते, उचलत नाही. "हात सुटंल माजा," म्हणते. काजळ लावायचं तर मला बोलावते. मार्चमध्ये रेशनच्या दुकानात तिला घेऊन गेले. दुकानदारानं यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. यंत्र लाल झालं. दुसरं बोट. लाल. दहाही बोटं झाली.

"मावशी, हात पुसा जरा," दुकानदार म्हणाला.

"पुसून काय व्हतंय बाबा," आई हसली. "ह्ये मिशन मला वळखतच न्हाई. गावाकडं बी असंच. म्या हाय का न्हाई, त्येच त्याला ठावं न्हाई."

मी घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले.

बाई जानेवारीतच गेल्या होत्या. मला दोन दिवसांनी कळलं. बाळ तापानं फणफणलं होतं, जाता आलं नाही. असं मी सगळ्यांना सांगितलं. ताप खरा होता, तरी.

एप्रिलमध्ये त्यांच्या भाचीनं एक पार्सल पाठवलं. आत तीच खादीची थैली. बाळाला पाळण्यात टाकून मी ती उघडली. वर जुने एक्केचाळीस कागद, माझ्या अंगठ्याचे. त्यांच्याखाली नवे कागद. जाड, शाईच्या वासाचे. मी मोजले. तेवीस. प्रत्येकावर नाव, तारीख, आणि चौकटीत शाईचा एक गोळा. रेघ नाही, वळसा नाही. प्रत्येकाच्या खाली बाईंच्या बारीक अक्षरात एकच ओळ: 'वाचून दाखवले. विचारले. हो म्हणाल्या.' सोबत त्वचेच्या डॉक्टरांचे अहवाल, हातांचे फोटो. पहिली तारीख जिनिव्हाहून परत आल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यातली. शेवटची गेल्या डिसेंबरची. कोंडाबाई. आनंदीकाकू. तिचा अंगठा आता पुरता कोरा होता. जुन्या कागदांपैकी अठरांवर पेन्सिलीनं फुली होती आणि गेल्याची तारीख.

नववा कागद शालन ऐवळे.

आई गॅलरीत लसूण निवडत होती. म्हणजे पाकळ्या ताटात पाडत होती आणि पुन्हा गोळा करत होती.

"आई, केळुसकर बाई वस्तीवर यायच्या?"

"येत हुत्या की. दरसाली घडांच्या डिपिंगच्या टायमाला. यष्टीनं. त्या पांढऱ्या बुटात चिखलातनं चालत. म्हातारी झाली तरी."

"आणि तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

आईनं ताट बाजूला ठेवलं. "त्याच म्हणल्या, शालन, तिनं इचारल्याबिगार सांगू नगंस. तिला वज्जं व्हईल." ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. "तू कवा इचारलंस?"

बाळ पाळण्यात चुळबुळलं. मी झोका दिला.

थैलीच्या तळाशी आणखी एक कागद होता. बाकीच्यांसारखाच, पण क्रमांक बेचाळीस. वर छापल्यासारखं नाव: वैजयंता ऐवळे. मजकुराची जागा कोरी. चौकट कोरी. खाली पेन्सिलीनं, बाईंच्या अक्षरात: 'हिचं हिनं ठरवावं.'

तेवीस कोऱ्या अंगठ्यांना मोल यायचं असेल, तर आधीचे एक्केचाळीस कोणाचे हे कोणीतरी सांगायला हवं होतं. नाहीतर समितीत कोणीही उठून म्हणेल, एकदा बनावट केलेल्यांनी पुन्हा केलं. बाईंना हे ठाऊक होतं. त्या स्वतः ते कधीही लिहू शकल्या असत्या. आठ वर्षं त्यांच्याकडे कागद होता, पेन होतं, माझं नाव होतं. त्यांनी ती जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली आणि गेल्या.

समिती सप्टेंबरात बसते. दुपारचा, बाळाच्या झोपेचा पाऊण तास मिळतो, तेवढ्यात मी लिहीत आले. रोज चारपाच ओळी. वस्ती, बादल्या, राख, चूल. जिनिव्हातले चार सेकंद. कॉलेजात हे कळल्यावर काय होईल, हे यांच्याशी एकदा बोलून झालंय. ते म्हणाले, "तू लिही. मी बाळाला बघतो." नोकरी राहील असं वाटत नाही.

काल मजकूर संपला. उरली फक्त चौकट. स्टँपपॅड टेबलावर काढून ठेवलं होतं. पण मुलीनं झोपताना माझा डावा अंगठा मुठीत धरला होता, नेहमीसारखा. सोडवला तर उठेल. मी थांबले. बाहेर भांडीवाली जिना उतरून गेली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, आईनं गॅस बंद केला. एक बोट सुटलं, मग दुसरं. मूठ आपोआप उघडली.

अंगठा पहिल्याच दाबाला स्वच्छ उठला. सगळे वळसे, आणि त्यांतून उतरणारी तिरकी चीर.

शाई पुसायला फडकं शोधत होते, तेवढ्यात ती जागी झाली आणि तिनं तोच अंगठा पुन्हा पकडला. सोडवेपर्यंत तिचा तळहात काळा झाला होता. मी तिला उचलून गॅलरीत उजेडात नेलं. आईनं तिचा हात आपल्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"बघ की," आई म्हणाली, "किती रेघा हायत लेकीला. मोजाय येत न्हाईत."